पाचला उठवा

बोरा, तो मोबाइल खाली ठेव. श्राद्धाची ताटं मांडायला अजून बराच वेळ आहे, आणि तुझ्या पणजोबांचं वायफायवाचून काही अडलेलं नाही. चेस्टनट सोलायला घे. सोलता सोलता ऐक. सोंगजे, तू दारातून आत सरक, इकडे जमीन चांगली ऊबदार आहे.

भुताचीच ऐकायचीय ना? मग सांगतो. पण ही मी कुठे वाचलेली नाही. मेंग चुनशिकची आहे. तुम्ही पाहिलंय त्याला. गेल्या वर्षी लग्नात कोपऱ्यात बसून गुपचूप सूप पीत होता तो. अर्धी गोष्ट माझ्या डोळ्यांसमोरची, अर्धी त्यानं सांगितलेली. आणि चुनशिकला रचून सांगता येत नाही. तेवढी हौसच नाही त्याला.

चुनशिक गुनसानला जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता. अर्धं आयुष्य त्यात गेलं. कारखाना बंद झाला त्या दिवशी बाकीचे गेटवर बसून रडले, कुणी दगड मारले, कुणी सोजू पिऊन रस्त्यात आडवे झाले. हा डबा घेऊन घरी आला, हात धुतले आणि जेवायला बसला. रडता येत नव्हतं असं नाही. आईच्या वेळी हमसून हमसून रडलेला मी पाहिलाय. पण कारखान्यानंतर काहीतरी झालं. दाढ काढायच्या आधी सुई देतात बघ, मग गाल आपला राहत नाही... तसा झाला. बोलायचं तेवढं बोले, खायचं तेवढं खाई.

त्याची बायको जोंगइम. तोंडानं तिखट. ती मला म्हणायची, "दादा, या माणसाला आज चिमटा काढला तर तो परवा ओरडेल."

मिळालेल्या पैशातून त्यानं बाजारामागच्या एका तळघरात गेमिंग कॅफे घेतला. पन्नास खुर्च्या. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान त्याच रस्त्यावर होतं. दिवसा जोंगइम गल्ल्यावर बसायची, रात्री हा.

त्या साली डिसेंबरात एक नवा गेम आला. जुन्या मशीनवर चालेना. पोरं चौकातल्या नव्या कॅफेकडे वळायला लागली. मी म्हटलं, "चुनशिक, रॅम वाढव, नाहीतर माशा मारशील." तो म्हणाला, "बरं." त्याचं सगळं 'बरं'च असायचं. एका मंगळवारी सकाळच्या गाडीनं सोलला गेला. योंगसानच्या बाजारात ह्वांगबो नावाचा माझ्या ओळखीचा व्यापारी होता, बंद पडलेल्या कॅफेंचा माल उचलायचा. त्याच्याकडून वापरलेल्या रॅमच्या पट्ट्यांची पेटी घेतली, स्टेशनवर फिश केक खाल्ला, रात्री परत आला. एवढंच. फार साधंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी कॅफे बंद ठेवून आम्ही दोघांनी पन्नासही मशीन उघडली. जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या. प्रत्येकात दोन-दोन. रात्री पोरांना आत सोडलं. गेम असा पळाला की पोरं टाळ्या वाजवायला लागली. एक जण ओरडला, "मेंग शेठ, तुम्ही तर सरकारी खात्यातून थेट अंतराळात गेलात!" चुनशिक म्हणाला, "चपला रॅकवर ठेव."

तिसऱ्या रात्री सत्तावीस नंबर बिघडला.

स्क्रीन निळी व्हायची, पांढरी अक्षरं यायची, मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू. गेम खेळणाऱ्या पोरानं शिव्या दिल्या, पैसे परत मागितले. चुनशिकनं मला फोन केला.

"दादा, सत्तावीस पडतंय."

"रॅम बदलल्यावर असं एखादं निघतंच. पट्टी काढ, पिना खोडरबरानं घास, परत लाव. दोन्हीकडून कट्‌ असा आवाज आला पाहिजे."

घासलं. लावलं. रात्री पुन्हा निळं.

मी गेलो. सेटिंगमध्ये जाऊन रॅमचा वेग एक पायरी खाली आणला. कधीकधी पट्टीला तेवढा वेग झेपत नाही. रात्री पुन्हा निळं. मग पट्ट्यांच्या जागा बदलल्या, ही तिकडे, ती इकडे. पुन्हा निळं. शेवटी तपासणीचा प्रोग्राम लावून दिला. हा रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितो आणि लिहिलेलं तसंच परत मिळतं का बघतो. रात्रभर चालला. सकाळी निकाल : एकही चूक नाही. माल अगदी उत्तम.

जोंगइम पोछा मारता मारता म्हणाली, "म्हणजे डॉक्टर म्हणतो पेशंट ठणठणीत, आणि पेशंट रोज रात्री चक्कर येऊन पडतो."

"वहिनी, तुम्ही पोछा मारा."

"मारतेच आहे. मशीन दुरुस्त करणारे तुम्ही, जमीन साफ करणारी मी. निदान जमीन तरी साफ होतेय."

आता एक गोष्ट चुनशिकनं मला सांगितली नव्हती. लपवली असंही नाही. त्याला ती सांगण्यासारखी वाटलीच नाही. माणूस असा होता.

तुम्हाला माहीत आहे, खुर्चीतूनच खाणं मागवता येतं. स्क्रीनवर बोट लावायचं, इकडे गल्ल्यावर टिंग वाजतं. पहिल्या रात्री सत्तावीस निळं होऊन पुन्हा सुरू झालं, आणि थोड्या वेळानं गल्ल्यावर टिंग वाजलं. सत्तावीस नंबर. राम्यन एक. खाली निरोप : पाणी कमी. अंडं फोडू नका. पाचला उठवा.

असले निरोप पोरं लिहितातच. पहाटे कुणाला कामावर जायचं असतं, कुणाला घरी बाप उठायच्या आत पोचायचं असतं. चुनशिकनं नूडल्स उकळून राम्यन केलं, ट्रे घेऊन गेला. खुर्ची रिकामी. संडासला गेला असेल म्हणून वाडगा टेबलावर ठेवला. तासाभरानं पाहिलं, सूप गार, वर तेलाचा थर. उचललं, ओतून दिलं, वाडगा धुतला.

दुसऱ्या रात्रीही टिंग. तिसऱ्याही. चुनशिक राम्यन करायचा, ठेवायचा, उचलायचा.

"अरे, खुर्ची रिकामी दिसत होती ना तुला?" मी नंतर विचारलं.

"दिसत होती."

"मग करायचास कशाला?"

"ऑर्डर होती, दादा."

हे मला सांगितलं जोंगइमनं. महिनाअखेर नव्हती तरी नूडल्सची पाकिटं कमी कशी, म्हणून तिनं नवऱ्याला धारेवर धरलं, तेव्हा बाहेर आलं. मी हसलो. म्हटलं, पोरांचा चावटपणा आहे, कुणीतरी दुसऱ्या खुर्चीवरून सत्तावीसच्या नावानं ऑर्डर टाकतंय. आधी मशीनचं नीट लावू. म्हणून आम्ही सत्तावीसमध्ये जुन्या पट्ट्या घातल्या. दोन रात्री काही नाही. निळं नाही, टिंग नाही. आणि त्या काढलेल्या दोन पट्ट्या बारा नंबरमध्ये घातल्या. दोष मशीनचा की पट्टीचा, हे असंच कळतं. दोष पट्टीचा असेल तर तो पट्टीबरोबर जातो.

त्या रात्री मी तिथं थांबलो. गुरुवार होता. थंडी अशी की जिन्यावर पाणी गोठलेलं. आत चारच गिऱ्हाइकं, चौघंही लांब, भिंतीकडच्या रांगेत. कानांवर हेडफोन. बारा नंबर मी गिऱ्हाइकांसाठी बंद ठेवून, वर 'नादुरुस्त' अशी पाटी लावली होती. नुसतं मशीन चालू. खुर्ची आत ढकललेली.

अडीचच्या सुमाराला बारा नंबर निळं झालं.

"पट्टीच," मी म्हटलं. "सापडली. उद्या एकेक लावून बघू, दोन्हींतली कुठली ते कळेल."

चुनशिक गल्ल्यावरच्या स्क्रीनकडे बघत होता.

टिंग.

बारा नंबर. राम्यन एक. पाणी कमी. अंडं फोडू नका. पाचला उठवा.

मी भिंतीकडच्या चौघांकडे पाहिलं. एकानंही मान वर केलेली नव्हती. चौघांच्या हातांत माऊस होता. मी बारा नंबरकडे पाहिलं. पाटी तशीच होती. खुर्ची... मी आत ढकलली होती ती. आता बाहेर होती. पाठ मागे कललेली. आरामात टेकून बसल्यावर कलते तेवढी.

"चुनशिक, तू हलवलीस?"

"नाही."

"मग..."

तो उठला. स्वयंपाकघरात गेला. गॅस पेटल्याचा आवाज आला. मी तिथंच उभा. बाहेर आला तेव्हा हातात ट्रे होता. त्यानं वाडगा टेबलावर ठेवला, चमचा आणि काड्या नीट उजव्या हाताला ठेवल्या, आणि परत येऊन बसला. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मुलांनो, त्या खुर्चीची मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण त्या चेहऱ्याची जास्त वाटली.

पाच वाजले. कुणी कुणाला उठवलं नाही. मी घरी गेलो. त्यानं वाडगा धुतला.

पुढच्या दोन रात्रींत कुठली पट्टी ते कळलं. एक चांगली निघाली, तिनं कुठल्याच मशीनमध्ये त्रास दिला नाही. दुसरी तीच. जोंगइमनं तिच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि म्हणाली, "आता ही नदीत टाका."

"वस्तू चांगली आहे," चुनशिक म्हणाला.

"चांगली? युनजेच्या बाबा, हिच्यात कुणीतरी आहे!"

"रॅममध्ये काही राहत नाही. वीज गेली की सगळं पुसलं जातं. दादांना विचार."

खरं होतं ते. मी मान हलवली. रॅम म्हणजे विसरायचंच यंत्र. वीज आहे तोवर आठवण, वीज गेली की कोरी पाटी. ही पट्टी तर पेटीत बंद होऊन सोलहून आली होती.

"गिऱ्हाइकांच्या मशीनला नको," तो म्हणाला. "गल्ल्यावरच्या मशीनला लावतो. तिथं गेम नाही, बिघडलं तर माझंच बिघडेल."

मी नको म्हणायला हवं होतं का? म्हटलं होतं. तो म्हणाला, "बरं." आणि लावली.

ती दोंगजीची रात्र होती. वर्षातली सगळ्यात मोठी. बावीस डिसेंबर. जोंगइमनं लाल चवळीची लापशी केली होती. भुतं आत येऊ नयेत म्हणून घराच्या उंबऱ्यावर शिंपडली, मला एक वाडगा पाठवला, नवऱ्याला डबा भरून दिला. दारात म्हणाली, "खा हं. आजच्या रात्री तरी खा." तो म्हणाला, "बरं."

पहाटे माझा फोन वाजला. जोंगइम. दम लागलेला.

"दादा, तुम्ही जवळ आहात. पटकन खाली जा. मी टॅक्सीत आहे."

"काय झालं?"

"माझ्या मोबाइलवर ऑर्डर आलीय. कॅफेच्या ऑर्डरी माझ्याकडे पण दिसतात... दादा, ऑर्डर गल्ल्यावरून आहे."

"वहिनी..."

"गल्ला, राम्यन एक, पाणी कमी. पाचला उठवा. मी फोन करतेय, ते उचलत नाहीत. थट्टा असेल म्हटलं, पण हा माणूस थट्टा करतो का हो? कधी केलीय का यानं थट्टा?"

मी पायजम्यावर कोट चढवला आणि धावलो. बर्फ पडत होता. जिना उतरताना दोनदा घसरलो. दार ढकललं. आत नेहमीसारखं. पंख्यांची घरघर. तीन पोरं, हेडफोन लावून खेळतायत. निळसर उजेड.

गल्ल्यामागे चुनशिक बसला होता. मान पुढे. हनुवटी छातीवर. गल्ल्यावर पाच हजार वोनची नोट ठेवलेली. एक गिऱ्हाईक आलं होतं, मालक झोपलाय बघून पैसे ठेवून निघून गेलं होतं. डब्याचं झाकण उघडलेलं नव्हतं.

"चुनशिक."

नाही.

खांदा हलवला. डोकं नुसतं इकडून तिकडे गेलं. डोळे अर्धे उघडे. हात हातात घेतला. गार. असा गार हात मी एकदाच धरलाय... जाऊ दे. नाकापुढे बोट धरलं. श्वास होता का? असला तर इतका बारीक की कळेना. मी अँब्युलन्ससाठी १-१-९ला फोन लावला. ती तीन पोरं तशीच खेळत होती. एकानं पाहिलं, आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. झोपलाय मालक, एवढंच दिसलं असेल त्याला.

जोंगइम आली. पायांत एक चप्पल, एक बूट. तिनं मला बाजूला ढकललं, नवऱ्याची कॉलर धरली.

"उठा!"

नाही.

थोबाडीत मारली. दोनदा. खणखणीत.

नाही...

मग तिची नजर स्क्रीनवर गेली. ऑर्डर तशीच उघडी होती. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि एकदम तिचा आवाज बदलला. हळू झाला. मुलाला शाळेसाठी उठवतात तसा. खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

"ऊठ रे. पाच वाजले."

चुनशिकनं श्वास घेतला. कसा सांगू? पाण्याखालून वर आलेला माणूस घेतो तसा. सगळं तळघर त्या आवाजानं भरलं. तीनही पोरांनी हेडफोन काढले.

अँब्युलन्सवाल्यांनी तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. माल उत्तम, म्हणजे. तेही तपासणीचा प्रोग्राम लावल्यासारखे आले, 'चूक नाही' म्हणाले आणि गेले. जोंगइमनं त्याच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला. तो अर्धं पाणी प्यायला. मग म्हणाला,

"ऐकू येत होतं सगळं."

"काय?"

"चपला. लांबून यायच्या. माझ्यापाशी थांबायच्या. वाडगा ठेवल्याचा आवाज. मग जायच्या. पुन्हा यायच्या, वाडगा उचलायच्या... जायच्या. मला ओरडायचं होतं. तोंड नव्हतं."

"कुणाच्या चपला?" मी विचारलं.

त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. त्या रबरी चपला, एक टाच झिजलेली, त्यामुळे चालताना फट्‌-सट्‌ असा आवाज करणाऱ्या.

"माझ्याच," तो म्हणाला.

त्याच दिवशी आम्ही दोघं योंगसानला गेलो. ह्वांगबो आधी उडवाउडवी करायला लागला. "मेंग शेठ, वापरलेला माल आहे, बदलून देतो की! दोन घ्या, चार घ्या." चुनशिक म्हणाला, "बदलून नको. कुठली आहे सांग." लाल ठिपक्याची पट्टी काउंटरवर ठेवली आणि उभा राहिला. तासभर उभा राहिला असता. ह्वांगबोनं शेवटी शटर अर्धं ओढलं.

डोंगराकडच्या एका गावातला कॅफे. बंद करायचा म्हणून मालकानं सगळी मशीन विकली. का बंद? तर एक पोरगा तिथं खुर्चीतच गेला. विशीतला. पाहुणा म्हणून बसला होता, खात्यात नाव नाही, खिशात बसचं कार्ड तेवढं. रात्री राम्यन मागवलं. पहाटे उठवायला सांगितलं. नोकर वाडगा घेऊन गेला, पोरगा झोपलेला, वाडगा ठेवून आला. नंतर जाऊन वाडगा उचलला. पाचला गेला, बघितलं, गाढ झोपलाय, झोपू दे म्हणून परत आला. पैसे भरलेले होते, मग उठवायचं कशाला? दुपारपर्यंत शेजारच्या खुर्चीत माणसं येऊन खेळून गेली. संध्याकाळी साफ करणाऱ्या बाईनं हात लावला.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पाचला हलवलं असतं तर... कदाचित. कदाचित नाही. कोण सांगणार?"

परतीच्या गाडीत चुनशिक खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं आता तरी काही बोलेल, शिवी तरी देईल कुणाला. खूप वेळानं म्हणाला, "निरोप मी रोज वाचत होतो, दादा." बस, एवढंच.

घरी आल्यावर जोंगइमनं बत्ता आणून समोर ठेवला. "फोडा. माझ्यासमोर फोडा. नाहीतर मी जोंजूला बहिणीकडे चालले."

"फोडली तर त्याला उठवणार कोण?"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, नवऱ्यानं उलटा प्रश्न विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. तिनं बत्ता उचलला, आत नेऊन ठेवला, आणि बाहेर येऊन म्हणाली, "अंडं ताजं घ्या. फ्रिजमधली शिळी आहेत."

त्या रात्री कॅफेला कुलूप. आत चुनशिक एकटा. मी थांबतो म्हटलं, तर नको म्हणाला. म्हणून पुढचं सगळं त्याच्या तोंडचं आहे. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

पट्टी सत्तावीसमध्ये लावली. बाकीची मशीन बंद; ऑर्डरीसाठी त्यानं मोबाइल जवळ ठेवला होता. एकच स्क्रीन चालू होती. तो अठ्ठावीसच्या खुर्चीत बसून राहिला.

निळी झाली.

पुन्हा सुरू झाली.

टिंग.

तो उठला. राम्यन केलं. पाणी कमी. अंडं अखंड. वाडगा ठेवला. या वेळी गल्ल्याकडे गेला नाही. शेजारीच बसला. वाफ वर जात होती... मग कमी झाली... मग गेली.

चपला त्यानं काढून ठेवल्या होत्या.

शेजारी काही दिसत होतं का, मी विचारलं. म्हणाला, नाही. ऐकू आलं का? नाही. भीती? म्हणाला, "लाज वाटत होती."

पाचला काही मिनिटं कमी असताना स्क्रीन पुन्हा निळी झाली. या वेळी तशीच राहिली. खुर्चीवर निळा उजेड पडला. रिकामी. पाठ मागे कललेली.

पाच वाजले.

तो उभा राहिला. काय म्हणून हाक मारावी ते कळेना. नाव माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्यानं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, आणि हलवली. हळूच.

"पोरा..."

काही नाही.

"ऊठ रे. पाच वाजले."

काही नाही...

त्यानं पुन्हा हलवली. जोरात. दोन्ही हातांनी. आणि ओरडला. चुनशिक ओरडला! "ऊठ! अरे ऊठ! पाच वाजले!" तळघरात आवाज घुमला. त्याच्या गालांवरून काहीतरी ओघळत होतं. ते पाणी आहे हे त्याला ओठांवर खारट लागलं तेव्हा कळलं.

खुर्ची मागे सरकली.

वीतभर. चाकं वाजली. टेबलापासून... माणूस उठताना सरकते तेवढी.

स्क्रीन काळी झाली. पंखा थांबला.

अंधार. तो तसाच उभा. मग त्याला वाटलं, पाहुणा निघाला तर दारापर्यंत जायचं असतं. अंधारातच चाचपडत गेला, कुलूप काढलं, जिना चढून वर आला. अनवाणीच. बर्फ थांबला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला. का, ते त्यालाही सांगता येत नाही.

पहिली बस आली. रिकामी. आतले दिवे लागलेले. माणूस उभा बघून ड्रायव्हरनं गाडी थांबवली, पुढचं दार उघडलं.

"चढताय ना, आजोबा? पायांत काही नाही तुमच्या. या, आत हीटर आहे."

"मी नाही," चुनशिक म्हणाला. आणि न ठरवता तोंडातून गेलं, "सोडायला आलोय."

"कुणाला?"

चुनशिक दारापासून बाजूला सरकला.

ड्रायव्हर त्याच्याकडे बघत होता. दारात कुणी नव्हतं. पायरीवर कुणी नव्हतं.

दाराशी बसचं कार्ड टेकवायचं यंत्र वाजलं. पिक्‌.

ड्रायव्हरनं यंत्राकडे पाहिलं. चुनशिककडे पाहिलं. मग वरच्या आरशातून मागे, रिकाम्या रांगांकडे... बराच वेळ पाहिलं. चुनशिक म्हणतो, त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. पण तोंडातून गेलं ते रोजच्या सवयीचं.

"नीट बसून घ्या," तो म्हणाला.

आणि प्रवासी बसेपर्यंत थांबतात तेवढं थांबून, त्यानं दार लावलं.